मेंढी कुठून आली, विचारणारे सर

आधी माफी मागून टाकते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल, तर वेलांटी कुठं वळवायची हे गुरुजींनी ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी मी बहुतेक मेंढरांमागं गेले असेन. चौथीनंतर तर कायमचीच गेले. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागितलेली बरी. वझरकर सर असते तर त्यांनी मात्र एकही चूक काढली नसती. एकदा माझी किराण्याची चिठ्ठी पाहून म्हणाले होते, "चांगुणाबाई, वेलांटी कुठंही द्या. साखर गोडच लागते." शब्द कसा लिहितात याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तो कुठून आला, एवढीच काळजी. जगात दुसऱ्या काळज्या नसल्यासारखी.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तोंडानं फार बोलत नाही. त्यांच्याबद्दल तर कुणाशीच बोलले नाही. म्हणून लिहून ठेवते.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपानंतर, निलंग्याकडच्या पत्र्याच्या शेडांत. गणपती बुडवले त्याच रात्री, पहाटेच्या आत, आमचं गाव बसलं. मी रेणुकाला घेऊन नायगावकडं माहेरी, भावाच्या मेंढरांच्या तळावर होते म्हणून वाचले. रेणुकाचे वडील घरी होते. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

शेडांत रोज कुणी ना कुणी यायचं. हातात काही ना काही असायचं. बिस्किटं इतकी आली की पोरं शेजारच्या कुत्र्याला घालायची आणि कुत्रंही तोंड फिरवायचं. कुणी लांबून उंच टाचांच्या चपला पाठवल्या. ढेकळांतून चालायला त्या फार सोयीच्या. एका पाहुण्यानं भोंगा लावून आम्हाला धीर दिला आणि धीर देऊन झाल्यावर चहा मागितला. त्यात एके दिवशी सर आले. अंगात बुशशर्ट, गळ्यात दस्ती, खांद्याला झोळी. देण्यासारखं काही नाही. पालथ्या बादलीवर बसले आणि विचारलं, "तुमच्याकडं मेंढीला काय म्हणतात?"

एक म्हातारे म्हणाले, "मेंढीच म्हणतेत की. शहरात काय म्हणून राहिले?"

आता पेन काढून बसलेला माणूस म्हणजे सरकार, हे आम्हाला तोवर चांगलं कळलं होतं. तासाभरात सगळ्या शेडांत बातमी गेली की मेंढरांची भरपाई लिहून घेणारा साहेब आलाय. मग काय विचारता. ज्यांच्या दारात कधी कोंबडी फिरली नव्हती, तेही रांगेत. आमच्या आळीतल्या शिंप्यानं मेंढी पाहिली होती ती फक्त घोंगडीच्या रूपात. तो म्हणाला, "लिहा सायेब. माझ्या चाळीस गेल्या."

सरांनी हळहळून विचारलं, "अरेरे. आणि तुम्ही त्यांना काय म्हणत होता?"

"काय म्हणणार? काय बी म्हणलं तरी मेल्याच की त्या."

सरांनी सगळं लिहून घेतलं. कोकरू, एडका, खांडवं. कर्नाटकातून आलेल्या एका सुनेनं 'कुरी' सांगितलं, देगलूरकडच्या बाईनं 'गोर्रे'. सर खुशीत. लोक किती मनापासून सांगतात म्हणाले. भरपाईचा घोळ त्यांच्या लक्षात आला नाही, आणि पुढं कितीतरी वर्षं मीही आणू दिला नाही. माणसाचा एखादा तरी आनंद राहू द्यावा.

मी कोपऱ्यात पाठ करून बसले होते. त्यांनी मलाही विचारलं. मी हळूच म्हणाले, "धन."

"धन? मेंढ्यांना?"

"आमच्यात तसंच म्हणतेत. धन पाण्यावर नेलं, धन बसवलं."

सर उभेच राहिले. "कुठून आला हा शब्द?"

मी म्हणाले, "नायगावहून."

सगळी शेडं हसली. सरही हसले. पुढच्याच महिन्यात त्यांनी लातूरला आपल्या घरी स्वयंपाकाला बाई पाहिजे म्हणून मला निरोप धाडला. मला कामावर घेतलं ते माझ्या भाकरीसाठी असं मला वाटत होतं. भाकरी काकूंसाठी होती. सरांना धन पाहिजे होतं.

काकू म्हणजे सरांच्या बायको. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सावध केलं. "आमच्या लग्नात भटजी 'सावधान' म्हणाले, तर हे अंतरपाटाआडून विचारतात, हा शब्द कुठून आला. अर्थ तेवढा मला उशिरा कळला." सर म्हणाले, "मला तर अजून कळला नाही." आणि वाटीतलं वरण संपवलं.

सर तेव्हा शाळेत संस्कृत शिकवायचे. घरी आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे आणि मी भाकरी थापताना मला शिकवायचे. शिकायचं की नाही, हे मला कुणी विचारलं नाही. "शब्द म्हणजे पाहुणा. कुठून आला ते विचारल्याशिवाय पाणी देऊ नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. प्रत्यक्षात खऱ्या पाहुण्यांना ते शब्द विचारत बसायचे आणि पाण्याचं विसरायचे. पाणी मी द्यायची.

मेंढीवर तर त्यांचा फार जीव. ते सांगायचे, सगळ्यात जुना शब्द 'अवि'. वेदातला. तोच फिरत फिरत पार इंग्रजांपर्यंत गेला आणि त्यांची 'यू' झाली, म्हणजे मेंढीच. आपली मेंढी निघाली 'मेण्ढ' वरून, आणि तो शब्द संस्कृतात आहे खरा, पण संस्कृतानं तो बहुतेक रानातल्या लोकांकडूनच उचलला असावा. "म्हणजे तुमच्याकडून, चांगुणाबाई. ऋषींनी तुमच्याकडून घेतला." मी म्हणायची, "मग परत कधी करणार?" हे मी मनात म्हणायची. तोंडानं फक्त भाकरी उलटायची.

"आणि गंमत म्हणजे इंग्रजांचं ते 'शीप'. त्याचं मूळ कुणालाच माहीत नाही. शेजारच्या दोन-चार भाषांत सापडतं, त्यापलीकडं वाट बंद. एवढं राज्य केलं, पण आपली मेंढी कुठून आली ते सांगता येईना." हे सांगताना सरांचा चेहरा असा व्हायचा की देश त्या दिवशीच स्वतंत्र झाला. "एक असली तरी शीप, हजार असल्या तरी शीपच. एकीनं मान वळवली की सगळ्या वळतात, मग वेगळा शब्द करून करायचं काय?"

शब्द संपले की ते रीती विचारायचे. तेव्हा मी त्यांना माझ्या मेंढ्यांचं सांगितलं. आमच्यात लेकीला लग्नात आंदण म्हणून मेंढ्या देतात. त्या सासरी जात नाहीत. भावाच्याच कळपात राहतात, फक्त कानाला लेकीची म्हणून वेगळी चीर. सांभाळ भावाचा, कोकरं निम्मी त्याची, निम्मी बहिणीची. माझ्या बारा-पंधरा झाल्या होत्या. घर गेलं, माणूस गेलं, पण नायगावच्या रानात माझ्या नावाची चीर पडलेले कान हिंडत होते. ते रेणुकाच्या शिक्षणासाठी ठेवले होते. मला दुसरं काही नव्हतं.

"आणि वाटणी झाली, सगळं आपलं आपण घेतलं, तर?" सरांनी विचारलं.

"सगळं घेत न्हाईत, सर. हिशेब मोडला तरी एक कोकरू समोरच्याच्या वाड्यात, मेंढरांच्या कुंपणात, ठेवून यायचं. वाडा रिकामा केला, तर त्याचा अर्थ पुन्हा या दारात यायचं न्हाई."

सरांनी लिहायला काढलेलं पेन तसंच झोळीत ठेवलं. मग म्हणाले, "हे शब्दापेक्षा चांगलं आहे."

त्या दिवसापासून त्यांनी नवीन खूळ काढलं. चहा कधी संपवायचे नाहीत. कपात एक घोट ठेवून उठायचे. "कोकरू राहू द्या." काकू कप विसळताना म्हणायच्या, "दुधाचा भाव पाहिला का? कोकरू म्हणे." कुणाच्या घरी गेले तरी तेच. यजमानांना वाटायचं चहा आवडला नाही, म्हणून ते परत बोलवायचे नाहीत. परत येण्यासाठी ठेवलेल्या कोकरानं सरांची निम्मी घरं बंद केली.

लातुरात भूकंपानंतर दोन गोष्टी उभ्या राहिल्या. शेडं आणि क्लास. शेडं हळूहळू गेली, क्लास वाढले. गल्लीत किराणा मिळेना, पण रसायनशास्त्र मिळायला लागलं. चौकाचौकांत पोरांचे फोटो लागले, खाली टक्के. आमच्या गावी असे फोटो माणूस गेल्यावर लावायचे, म्हणून मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडले. जिल्ह्या-जिल्ह्यांतून आया आपल्या पोरांना घेऊन आल्या, एका खोलीत राहिल्या, डबे केले आणि पोराला डॉक्टर करून घेऊन गेल्या. ज्यांचं झालं नाही, त्यांचे फोटो कुठं लागले नाहीत.

निवृत्त झाल्यावर सरांनीही क्लास काढला. संस्कृताला मार्क भरभरून पडतात म्हणून पोरं आली. खोली भाड्यानं घेतली, बाकडी केली. मी स्वयंपाक उरकून तिथं झाडलोट करायची. दोन वर्षं क्लास भरलेला. सर मात्र तेच. पोरानं विचारायचं, "सर, हे परीक्षेला येतं का?" सरांनी म्हणायचं, "परीक्षा कुठून आली ते सांगतो," आणि तास संपायचा.

एके दिवशी पहिल्या बाकावरचा पोरगा समोरच्या क्लासला गेला. तिथं छापील उत्तरं मिळायची, तोंडात घालायची फक्त. तो गेला म्हणून त्याचा मित्र गेला. मित्र गेला म्हणून बाक गेला. आठवड्याभरात खोलीत मी, झाडू आणि सर राहिलो. सर फळ्यापुढं उभे होते. मला वाटलं आता रडतील. ते म्हणाले, "बघा चांगुणाबाई, एकीनं मान वळवली." आणि आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून थोडे खूशही झाले. शिकलेल्या माणसाचं हे बरं असतं.

खोलीचं भाडं थकलं होतं, बाकड्यांचे पैसे द्यायचे होते. मालक दारात येऊन जोरात बोलायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. काकूंनी बांगड्या काढल्या, पुरल्या नाहीत. मग सर उंबऱ्यावर येऊन बसले. "चांगुणाबाई, 'उसनं' हा शब्द..." आणि पुढं बोलेनात. जन्मात पहिल्यांदा त्यांना एक शब्द कुठं जातो ते कळलं होतं.

मला 'नाही' म्हणता येत नाही. चौथीपर्यंत तो शब्द आमच्या पुस्तकात आला नसावा. मी मान हलवली.

माझा भाऊ बिरू कपाळाला हात लावून बसला. "येडी झाली काय तू? मास्तरला मेंढरं देतीस? त्यो शब्द खाऊन जगून राहिला. तुझी मेंढरं बी खाईल अन् वरून विचारील, ढेकर कुठून आला."

"देतील ते."

"कवा?"

"देतील."

"पोरीला शिकवायचं व्हतं ना? का तिला बी मेंढी कुठून आली तेच शिकवणार?"

बिरूनं बाजारात माझे कान विकले. पैसे देताना तो माझ्याकडं बघत नव्हता. मी सरांना दिले तेव्हा सरांनी व्याजाचं विचारलं. मी नको म्हणाले. "मग कोकरांचं काय? रीत आहे ना?" मी म्हणाले, "माणसाकडं ठेवलेल्या मेंढीला कोकरं होत नाहीत, सर." हे मात्र मी तोंडानं म्हणाले. त्यांना ते इतकं आवडलं की भाडं द्यायला जायचं विसरून त्यांनी आधी ते लिहून घेतलं.

क्लास मोडला. त्यांच्याकडं स्वयंपाकाला बाई ठेवायची ऐपत राहिली नाही, म्हणून मी पोरांच्या मेसवर लागले. सर समोरच्याच क्लासवाल्याकडं कामाला गेले. मागच्या खोलीत बसून तीच छापील उत्तरं लिहायची, एका मार्काला एक ओळ. वर नाव क्लासवाल्याचं. एकदा मी डबा द्यायला गेले, तेव्हा कागदांच्या ढिगाऱ्यात बसले होते. म्हणाले, "आधी राखत होतो, आता लोकर कातरतो." क्लासवाला बाहेर सगळ्यांना सांगत होता की आमचं संस्कृत म्हणजे एकदम शुद्ध.

पगार झाला की सर माझ्या खोलीवर यायचे. थोडे पैसे द्यायचे, एखादा शब्द विचारायचे, चहा घ्यायचे, घोट ठेवायचे, जायचे. थोडे म्हणजे अगदी थोडे. या चालीनं रेणुकाच्या नातवाच्या बारशाला फिटले असते. बिरू येऊन हसून जायचा. रेणुका बारावीला गेली. तिला नर्स व्हायचं होतं. शेडांतल्या दवाखान्यात एक नर्सबाई होती, तिनं रेणुकाचा खेळताना फुटलेला गुडघा बांधला होता, तेव्हापासून.

"आई, तू सरांना मागत का नाहीस?"

"मागते की."

"कधी?"

"ते चहा पिऊन गेले की."

तिनं कपाळावर हात मारला. पण तिला काय सांगू, की महिन्यातून एकदा कुणीतरी दारात येऊन मला माहीत असलेलं काही विचारतं, हे माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. मागितलं असतं आणि त्यांना लाज वाटून ते यायचे थांबले असते, तर? मी मागितलं नाही. रेणुकाचं काय होणार या काळजीनं भाकरी करपवली, पण मागितलं नाही.

बारावी झाली. नांदेडच्या नर्सिंगला तिचा नंबर लागला. फी सोमवारी भरायची. माझ्याकडं निम्मीच होती. बिरू म्हणाला एक एडका विकतो, पण त्याच्या दाराशी स्वतःचीच लेक लग्नाला उभी होती.

शनिवारी दुपारी रिक्षा थांबली. पगाराचा दिवस नव्हता. काकू रिक्षातच बसून राहिल्या. खाली उतरल्या नाहीत आणि माझ्याकडं पाहिलंही नाही. सर आत आले. दस्ती गळ्यात सैल झाली होती, की गळाच बारीक झाला होता. भिंतीला धरून बसले आणि झोळीतून पाकीट काढलं.

"मोजा."

"असू द्या, सर."

"मोजा म्हणतो ना."

मी मोजले. राहिलेले सगळे होते. वर कोकरांचेही होते, निम्म्या वाट्यानं, रीतीप्रमाणं. कुठून आणले, हे त्या दिवशी मी विचारायला पाहिजे होतं. आयुष्यभर त्यांनी जगाला तेच विचारलं, पण मला विचारवलं नाही. पुढं कळलं की झोळीतले शब्द छापायला त्यांनी पैसे साठवले होते.

"धाकट्या मुलाकडं चाललोय, पुण्याला," सर म्हणाले. "तिथल्या डॉक्टरांना दाखवायचंय. दिवाळीनंतर येतोच."

मी चहा केला. साखर दोनदा घातली की काय, आठवत नाही. त्यांनी एकही शब्द विचारला नाही. मग मी गड्डीतली एक नोट काढून त्यांच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"कोकरू."

त्यांनी नोटेकडं पाहिलं. मग माझ्याकडं. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

"दिवाळीनंतर येणार ना? मग राहू द्या की तुमच्या वाड्यात," मी म्हणाले.

सरांनी बोटानं नोट हळूच माझ्याकडं सरकवली. "रेणुकाला चांगल्या चपला घ्या. दवाखान्यात दिवसभर उभं राहावं लागतं. उंच टाचांच्या नको."

मग त्यांनी कप उचलला आणि शेवटचा घोट घेतला. कप बशीत ठेवला. मी आत पाहिलं. तळ कोरडा होता.

माझे पैसे पूर्ण फिटले.